शैलाताईंचा उंबरा

शैलाताई तिरोडकर कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराशी बोलायच्या, मग माणसांशी. बेल वाजवण्याआधी बोटाच्या पेरांनी दारावर टकटक करायच्या. ती टकटक आतल्या माणसांसाठी नव्हतीच. कान लावून आवाज ऐकायच्या, "पोकळ आहे मेलं" असं पुटपुटायच्या आणि मग बेल. आत गेल्यावर चपला काढता काढता दाराखालच्या फटीत बोटं घालून बघायच्या. घरची बाई विचारतेय चहा टाकू की सरबत करू, आणि ह्या वाकलेल्या अवस्थेतच विचारतायत, "एसीचं बिल किती येतं हो तुमचं?"

दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या गणपतीच्या दर्शनाला आल्या होत्या. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे आरास बघायला ही गर्दी. शैलाताईंनी बाप्पाला हात जोडले, तीर्थ घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, देवाला एवढं थंड ठेवताय, पण निम्मा गारवा कॉरिडॉरमध्ये जातोय. कॉरिडॉरला कशाला नैवेद्य?" कुलकर्णी वहिनी विसर्जनापर्यंत धुमसत होत्या. विसर्जनानंतर त्यांनी गुपचूप दाराला खालून रबराची पट्टी लावून घेतली, हे मला त्यांच्या नवऱ्याने लिफ्टमध्ये सांगितलं.

हे वेड उगाच नव्हतं. रास अल खोरच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी इन्सुलेटेड दारं बनवते. म्हणजे कोल्ड स्टोअरची, गोदामांची, गॅरेजची दारं. दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेला, कडेला रबर, वर सरकणारी किंवा बाजूला सरकणारी. मासळीवाले, खजूरवाले, फुलंवाले, आइस्क्रीमवाले असे सगळे आमचे कस्टमर. कुणाला कसलं दार द्यायचं हे शैलाताई ठरवायच्या आणि मी त्याचं ड्रॉइंग काढायचो. त्या वेंगुर्ल्याच्या, मी पुण्याचा. त्यामुळे माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशीच रद्द करून टाकलं. मी कायमचा "पुणेकर" झालो.

येणं-जाणं त्यांच्याच गाडीतून. कारण मला दुबईचं ड्रायव्हिंग लायसन्स मिळेना. इथली टेस्ट काय प्रकार आहे हे ज्याने दिलीय त्यालाच कळेल. नापास होऊन मी गाडीत बसलो की शैलाताई सांत्वन वगैरे करायच्या नाहीत. "रिव्हर्स घेताना तू जीभ बाहेर काढतोस. तो एक्झामिनर तुला नाही, तुझ्या जिभेला घाबरतो. पुढच्या वेळी तोंड बंद ठेव." मला भयंकर राग यायचा. पण राग धरून चालत जाणार कुठे? रास अल खोर काही कोपऱ्यावर नाही.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या कंपनीला पाठ होतं. कोल्ड रूमचं दार उघडून त्यात उभं राहून गप्पा मारायची आपल्या लोकांना फार खोड. एक पाय आत, एक पाय बाहेर, खांदा चौकटीला टेकलेला. असा कुणी दिसला की शैलाताई लांबूनच ओरडायच्या, "दारात उभं राहू नका! आत या, नाहीतर बाहेर जा!" फिटर लोक मराठी, बिहारी, मल्याळी, पाकिस्तानी असे सगळे होते, पण हे वाक्य सगळ्यांना मराठीतच कळायचं. आमच्या मॅनेजर साहेबांच्या केबिनच्या दारातही एकदा त्यांनी ते वाक्य वापरलं होतं, आणि दारात खुद्द साहेबच उभे होते. साहेब निमूट आत गेले.

दार बसवून झालं की तपासायची त्यांची पद्धतही त्यांचीच. पर्समध्ये कायम उदबत्तीचा पुडा. दार लावायचं, पंखे चालू ठेवायचे आणि पेटलेली उदबत्ती कडेकडेने हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. कुठे आत ओढला गेला किंवा बाहेर फेकला गेला की तिथे फट. महागडी यंत्रं ऑफिसात होती, पण त्यांचा भरवसा उदबत्तीवर. "यंत्राचं सेटिंग चुकतं. धुराला सेटिंग नाही."

कस्टमर लोकांना वाटायचं, मॅडम पूजा करतात. एका मासळीवाल्याने तर दुसऱ्या दाराच्या वेळी नारळही आणून ठेवला होता. पण खरी गंमत अबू सालेमची. हे खजुराचे म्हातारे व्यापारी, इथलेच, मुंबईत तरुणपणी राहिलेले, त्यामुळे हिंदी फर्डं. शैलाताई त्यांच्या स्टोअरच्या दाराशी उदबत्ती फिरवत होत्या. अबू सालेम खुर्चीत बसून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "मॅडम, ये धुआँ अच्छा नहीं. रुको." माणूस पाठवून त्यांनी घरून निखाऱ्याचं धुपाटणं आणि चांगल्यातला बुखूर मागवला. बुखूर म्हणजे इथला सुगंधी धूप. मग एका हातात धुपाटणं घेऊन शैलाताई दाराभोवती आणि त्यांच्यामागे पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात अबू सालेम, असं सगळं चाललं होतं. डाव्या कोपऱ्यात धूर आत ओढला गेला. "देखा?" शैलाताई म्हणाल्या. "देखा," अबू सालेम म्हणाले, "लेकिन खुशबू कितना अच्छा है!" फट बुजवून घेतली आणि निघताना त्यांनी बुखूरची डबी शैलाताईंना भेट दिली. ती त्यांच्या टेबलावर कायम असायची. वापरली कधीच नाही. "कामाला उदबत्तीच बरी. ही शोभेची."

आता उंबऱ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या उंबऱ्यावरच अडखळलं.

मी कंपनीत यायच्या आधी त्यांनी रुवैसला एका गोदामाला दारं दिली होती. रुवैस म्हणजे अबू धाबीच्या पार पश्चिमेला, रिफायनरीचं गाव, आजूबाजूला नुसती वाळू. गोदामात नाजूक उपकरणं ठेवायची होती. दारं उत्तम बसली, उदबत्तीही पास झाली. आणि मग वादळ आलं. सकाळी दार उघडलं तर आत वाळूच्या जिभाच जिभा, दाराखालून थेट उपकरणांपर्यंत. तिथला इंजिनियर सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला. शैलाताईंनी ओढणी तोंडाला बांधली, गुडघ्यावर बसल्या आणि सुपडी घेऊन वाळू भरू लागल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक दाराखाली जमिनीवर रबराचा एक उंचवटा चिकटवून घेतला. दार खाली आलं की त्या उंचवट्याला टेकणार, वाळूला वाटच नाही. फिटर लोकांनी त्याला नाव दिलं उंबरा. तेव्हापासून आमच्या कंपनीचं एकही दार उंबऱ्याशिवाय गेलं नाही. "उंबऱ्याशिवाय दार म्हणजे पदराशिवाय साडी," हे त्यांचं दुसरं वाक्य. मी प्रत्येक ड्रॉइंगमध्ये सवयीने उंबरा काढायचो. एकदा विसरलो तर ड्रॉइंगवर लाल पेनाने नुसतं "पदर?" असं लिहून आलं.

तर अशा या बाई निवृत्त व्हायला आल्या. इथे हे प्रकरण आपल्याकडच्यासारखं नसतं. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की मुक्काम. सगळं आयुष्य इथे गेलं असलं तरी खलास. त्यांचे मिस्टर फार लवकर गेले. एकटीने मुलाला, मंदारला, इथल्याच शाळेत शिकवलं. तो आता कॅनडात विनिपेगला. बायको स्नेहल, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि एक गोड मुलगी, अनया. शैलाताईंचा बदलापूरला एक फ्लॅट होता, कुणी न राहणारा. मे महिन्यानंतर कुठे जायचं? विनिपेग की बदलापूर? हा एकच प्रश्न होता आणि त्या तो कुणाला विचारत नव्हत्या.

उत्तर अडलं होतं एका खोलीपाशी. मंदारने घर घेतलं होतं, त्यात आईसाठी म्हणून जी खोली होती ती नेमकी गॅरेजच्या वर. ऊन भरपूर, खिडकीतून झाड दिसतं, सगळं छान, पण थंडीत जमीन बर्फासारखी. खालच्या गॅरेजचं दार जुनं, एकेरी पत्र्याचं. बाहेर उणे तीस झालं की गॅरेजमध्येही जवळपास तेच, आणि त्याच्या डोक्यावर ही खोली. स्नेहलने स्पष्ट सांगितलं होतं, "आई, मी माझ्या आईला त्या खोलीत झोपवणार नाही, तर तुम्हाला कशी झोपवू? खोली राहण्यासारखी झाली की मी स्वतः तुम्हाला बोलवेन." शैलाताईंनी हे मला गाडीत सांगितलं आणि वर म्हणाल्या, "बोलली ते बरोबरच. मला आवडलं. आणि मी कोण आहे? दारवाली! दार मी निवडणार. दार नीट बसलं की मी तिकडे. नाही बसलं तर बदलापूर."

"आणि दार नीट बसणार नाही असं होईल का?" मी विचारलं.

"मेल्या, तुका काय कळता?" हे खास रागाचं किंवा खास आनंदाचं मालवणी. त्या दिवशी आनंदाचं होतं.

मग ऑफिसात विनिपेगचं दार हाच विषय. "आपण इथे आतलं थंड राखतो, ते तिथे आतलं गरम राखतात. फोमला काय कळतं कुठली बाजू कुठली? त्याचं काम एकच, मधे उभं राहायचं," असं त्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावून सांगायच्या. कॅटलॉगमधल्या इन्सुलेशनच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "हा आकडा दाराच्या पट्टीच्या मधल्या भागाचा. सांधे आणि कडा मोजतच नाहीत. मुलीचा फोटो समोरून काढून पाठवतात ना, तसं." मंदारला त्यांनी बजावलं, आधी गॅरेजच्या छतात फोम भरून घे, नुसत्या दाराने भागणार नाही. खिडकीवाला नमुना नको. पत्रा आतून बाहेरपर्यंत सलग नको, नाहीतर थंडी पत्र्यावर बसून आत येते. आणि खालचं रबर प्लॅस्टिकसारखं नको, गारठ्यात कडक होतं. "त्याचा एक तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव आणि सकाळी वाकवून बघ."

"आई, फ्रीझर कशाला? अंगण आहे ना," मंदार म्हणाला.

दुकानाच्या दिवशी आम्ही संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मुद्दाम थांबलो. तिकडे सकाळ. मंदार विनिपेगच्या दुकानात आणि शैलाताई रास अल खोरमध्ये फोन स्पीकरवर टाकून डोळे मिटून बसलेल्या.

"ठोक."

टक टक.

"हं. हा थर्माकोल आहे. आत खुळखुळतोय. पुढचं. ठोक. जरा खाली ठोक. अरे, पेरांनी ठोक, तळव्याने काय थापट्या मारतोस, पोळी आहे का ती?"

टक टक.

"हे! पुन्हा ठोक. हे भरीव आहे. फोम पत्र्याला चिकटलाय. हेच घ्यायचं."

दुकानदाराचं नाव ग्रेग. आवाजावरून म्हातारा आणि शांत वाटला. त्याला गंमत वाटत होती. मंदारने त्याला फोन दिला आणि शैलाताईंनी आपल्या ठणठणीत इंग्रजीत ऑर्डर सांगितली. सगळं जमलं. मग त्या म्हणाल्या, खाली जमिनीवर रबराचा उंचवटा. ग्रेग म्हणाला, मॅम, आम्ही इकडे ते सहसा लावत नाही. शैलाताई म्हणाल्या, "ग्रेग, आय हॅव पुट दिस ऑन एव्हरी डोअर ऑफ माय लाइफ." तो म्हणाला, ठीक आहे, तुमचं घर. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बिचाऱ्याने वाळू कुठे बघितलीय!"

नोव्हेंबरात दार बसलं. फोटो आले. पांढरंशुभ्र दार, खाली काळा उंबरा. शैलाताईंनी ते सगळ्यांना दाखवले, राजापूरच्या एका फिटरलाही आणि मॅनेजर साहेबांनाही. छतही भरून झालं. मंदारने कळवलं, गॅरेज आता मस्त आहे, पाणी गोठत नाही. वरची जमीनही सुधारतेय. शैलाताईंनी त्याच शुक्रवारी जाऊन जाड मोजे आणि थर्मल आणले. बदलापूरच्या शेजाऱ्यांना सांगून टाकलं, किल्ली तुमच्याकडेच राहू दे.

जानेवारीत एका संध्याकाळी आम्ही घरी निघालो होतो. गाडीच्या स्पीकरवर मंदारचा फोन आला. मागे काहीतरी ठोकल्याचे आवाज.

"आई, दार अडकलंय. उघडतच नाही. मोटर ओढतेय आणि खालचं रबर फाटलं."

"अडकलं म्हणजे? रूळ वाकला का?"

"रूळ नाही गं. खाली बर्फ झालाय. गाडीवरचा स्नो आत वितळतो ना, ते पाणी त्या उंचवट्याच्या मागे साचलं आणि रात्री दाराच्या कडेच्या गारठ्याने तिथेच गोठलं. दार आणि जमीन एकच झालंय. मी हातोडीने फोडतोय. स्नेहलची शिफ्ट गेली, अनयाची शाळा पण."

आणि मागून स्नेहलचा आवाज आला. ती नवऱ्याशी बोलत होती, आम्ही ऐकतोय हे तिला माहीत नसावं. "एवढी वर्षं वाळूत काढली ना, आईंना वाळू आणि बर्फ यातला फरकच कळत नाही. ग्रेग सांगत होता तेव्हा ऐकलं असतं तर! ते खोलीचं आता पुढच्या वर्षी बघू, प्लीज."

मंदार गडबडीने म्हणाला, "आई, नंतर करतो," आणि फोन कट.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. एका मोठ्या गाडीने आम्हाला उजवीकडून घासून ओव्हरटेक केलं. एरवी शैलाताईंनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज त्यांनी नुसती गाडी जरा डावीकडे घेतली. मला उतरवताना "उद्या" एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला त्यांची भीती वाटली होती, राग आला होता, पण वाईट कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं. आपलं आयुष्यभराचं काम आपल्याच लेकाच्या घरी, आपल्याच खोलीखाली असं आडवं यावं!

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो तर म्हणाल्या, "पुणेकर, माझं चुकलं कुठे ते सापडलं. इथे जे काही असतं ते बाहेर असतं, ते आत येऊ नये म्हणून आपण अडवतो. वाळू, ऊन, दमटपणा. तिथे बर्फ गाडीवर बसून आतच येतो. आणि माझं दार एवढं चांगलं, की गॅरेज गरम राहिलं आणि तो आत वितळला. आता त्या पाण्याने जायचं कुठून? माझा उंबरा आडवा! पूर्वीच्या भिकार दारात तो वितळलाही नसता."

"म्हणजे दार चांगलं म्हणून घोटाळा झाला."

"दार चांगलं आणि दारवाली शहाणी, म्हणून झाला." त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी ऑफिसातून ग्रेगला फोन लावला. मी समोरच होतो. मला वाटलं, आता रबराच्या क्वालिटीवरून वाद होणार. शैलाताई म्हणाल्या, "ग्रेग, यू वेअर राइट. आय वॉज राँग. नाऊ टेल मी, व्हॉट डू यू पीपल डू?" तो बराच वेळ बोलला आणि त्या "येस, येस" म्हणत ऐकत राहिल्या. तिकडे जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार देतात, पाणी दाराखालून निघून जातं. उंबरा काढा, खालचं रबर रुंद आणि मऊ घाला, त्याला सिलिकॉनचा फवारा मारत जा म्हणजे ते चिकटत नाही, आणि गाडी आत घ्यायच्या आधी झाडूने बर्फ झाडा. "झाडू!" फोन ठेवल्यावर शैलाताई म्हणाल्या. "एवढी साधी गोष्ट."

मग त्यांनी स्नेहलला फोन लावला. तो त्यांनी बाजूला जाऊन लावायला हवा होता, पण बाजूला जाऊन बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"स्नेहल, मंदारला उंबरा उपटून काढायला सांग. आणि काल तू बोललीस ते मी ऐकलं. थांब, सॉरी म्हणू नकोस, ऐक. तू बरोबर बोललीस. वाळू आणि बर्फ यातला फरक मला कळला नव्हता. आता कळला. खोलीचं मात्र तूच ठरव. तुझं घर आहे. मी आता त्याविषयी एक अक्षर बोलणार नाही."

आणि खरंच बोलल्या नाहीत! शैलाताई आणि गप्प बसणं, हे बघणाऱ्याला त्रास होईल असं दृश्य होतं. मंदारचा फोन आला तर अनयाच्या शाळेची चौकशी करायच्या, हवेची करायच्या, दाराचं नाव नाही. बदलापूरच्या शेजाऱ्यांना त्यांनी फ्लॅट झाडून घ्यायला सांगितलं. जाड मोजे कपाटात मागे गेले. ऑफिसात मात्र त्याच होत्या. कोल्ड रूमच्या दारात कुणी दिसला की ओरडणं चालू, उदबत्ती चालू. एका नवीन ऑर्डरवर मी उंबरा काढावा की नाही म्हणून थबकलो, तर माझ्या मागे येऊन म्हणाल्या, "काढ, काढ. इथे वाळूच आहे. चूक उंबऱ्याची नव्हती."

फेब्रुवारीच्या मध्याला आम्ही शेख झायेद रोडवरून घरी चाललो होतो. स्नेहलचा व्हिडिओ कॉल. ती स्वतःहून कधी करायची नाही. शैलाताई म्हणाल्या, "पुणेकर, धर फोन. मी गाडी चालवतेय, तू बोल." पण बोलायला मला वावच मिळाला नाही.

"आई, बाहेर उणे तीस आहे," स्नेहल म्हणाली. "मी वरच्या खोलीत आहे. आता खाली बघा."

कॅमेरा खाली वळला. लाकडी जमीन आणि तिच्यावर दोन अनवाणी पाय. मोजे नाहीत, सपाता नाहीत.

मी म्हणालो, "शैलाताई, अनवाणी उभी आहे ती."

"कधीपासून?" शैलाताईंनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"चहा इथेच उभ्याने प्यायले. गेला आठवडाभर रोज पिते. आज सांगायचं ठरवलं. थंडी अजून वाढली तर काय, ते बघत होते." तेवढ्यात फ्रेममध्ये आणखी दोन छोटे पाय उड्या मारत आले. "आजी, मी टू! लुक, नो सॉक्स!"

शैलाताई आवाज कडक करून म्हणाल्या, "खालच्या दाराला कडेकडेने उदबत्ती लावून बघितलीस का?"

"बघितली. घरातला स्मोक अलार्म वाजला, शेजारी धावत आले. पण धूर सरळ वर गेला, आई." आणि मग स्नेहल म्हणाली, "या तुम्ही. मी म्हटलं होतं ना, मी स्वतः बोलवेन. तर बोलवतेय. या."

अल बर्शाची एक्झिट आमच्या उजव्या हाताला निघून गेली आणि शैलाताईंच्या लक्षातही आलं नाही. ही बाई एक्झिट चुकणाऱ्यांना मूर्ख समजत असे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मी टिश्यू पुढे केला तर म्हणाल्या, "मला नको, तू पूस. तूच रडतोयस." खरंच रडत होतो. पार पुढच्या पुलावरून वळून आलो तेव्हा त्या जोरजोरात हसायला लागल्या. "मेल्या, तुका काय कळता!" मी काही बोललोच नव्हतो.

त्यानंतरच्या महिन्यांत त्यांनी मला लायसन्स मिळवून दिलं. हो, त्यांनीच दिलं म्हणायचं. दर सुट्टीच्या दिवशी मॉलच्या रिकाम्या पार्किंगच्या कडेला उभं राहून "जीभ आत! आत घे!" असं ओरडायच्या. येणारे-जाणारे थबकून बघायचे. पास झालो तेव्हा त्यांनी अबू सालेमची बुखूरची डबी माझ्या हातात ठेवली. "आता शोभेला तुझ्याकडे."

मे महिन्याच्या अखेरीला मीच त्यांना एअरपोर्टला सोडलं. त्यांचीच गाडी, पण आता मी चालवणारा आणि त्या शेजारच्या सीटवर, पूर्ण रस्ताभर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत. "पार्किंगला नको नेऊस, दारातच सोड. उगाच काय लग्नाचं वऱ्हाड असल्यासारखं." बाहेर आमची भट्टी पेटलेली. ट्रॉलीवर बॅगा चढवल्या. त्यांच्या पर्समधून उदबत्तीचा पुडा डोकावत होता. मी वाकून नमस्कार केला. "असू दे, असू दे," म्हणाल्या आणि सरकत्या दारातून आत गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. हात हलवायला त्या वळतील म्हणून जरा पुढे सरकलो असेन. आत काही स्पष्ट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. त्या वळल्या. मला वाटलं, आता काहीतरी शेवटचं बोलतील. बोलल्याच, आणि तेही अख्ख्या टर्मिनलला ऐकू जाईल अशा आवाजात.

"पुणेकर! दारात उभा राहू नकोस! आत ये, नाहीतर बाहेर जा!"

बघितलं तर माझा एक पाय आत होता आणि एक बाहेर, आणि दार बिचारं मिटायला येऊन पुन्हा उघडत होतं. दुबईचा सगळा उन्हाळा माझ्या खांद्यावरून आत चालला होता. आत जायला माझ्याकडे तिकीट नव्हतं. मी पाय मागे घेतला.

दार मिटलं. काचेपलीकडे शैलाताई ट्रॉली सोडून परत दारापाशी आल्या. पण दार पुन्हा उघडू नये इतपत अंतर ठेवून, बाजूच्या काचेशी. तळहात काच आणि दार यांच्यामधल्या उभ्या सांध्यावर ठेवला, हळूहळू वरून खाली आणला आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. फट होती. मग त्या वळल्या आणि ट्रॉली ढकलत विनिपेगला निघून गेल्या.